कॅमेरा घ्यावा, पण पारखून



भात झोडून झाले, गवताच्या गंजी विकल्या गेल्या, चार पैसे हाती आले की आपल्या तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात लग्नांची बोलणी सुरू होतात. खर्चाची यादी होते. त्या यादीत मांडव, कपडे, जेवण यांच्या खाली आता आणखी एक ओळ येऊ लागली आहे, ती म्हणजे घरचा व्हिडिओ कॅमेरा. उंबरगाव-वापीच्या कारखान्यात जाणारा मुलगा म्हणतो, "दर लग्नाला शूटिंगवाल्याला पैसे देण्यापेक्षा आपलाच कॅमेरा घेऊ." बाप म्हणतो, "मोबाइल आहे की हातात, मग वेगळा कशाला?" वाद मिटला नाही, की कोणीतरी आम्हा कृषी खात्याच्या माणसांना विचारतो. खताची गोणी पारखून देणारा कॅमेराही पारखून देईल, अशी समजूत असावी. ती अगदीच चुकीची नाही. दोन्हीकडे वरचा मोठा आकडा बघून फसणारी माणसे सारखीच भेटतात.

गोणीवर १०:२६:२६ छापलेले असते. आकडा खरा असतो, पण जमिनीत ओलच नसेल तर ते खत पिकाच्या तोंडी कसे लागणार? कॅमेऱ्याच्या पेटीवरही असेच आकडे असतात. फोर-के, पन्नास मेगापिक्सेल, शंभर पट झूम. इथे ओलीच्या जागी असतो प्रकाश. प्रकाश कमी पडला की पेटीवरचे सगळे आकडे कोरडवाहू होतात.

आणि आपल्या भागाची अडचण नेमकी हीच आहे. आपल्याकडे जपून ठेवण्याजोगे जे जे घडते, त्यातले बहुतेक कमी उजेडात घडते.

आपल्याला टिपायचे काय?

वारली लग्नाचेच बघा. तिथे लग्न लावते ती धवलेरी. घराच्या आतल्या भिंतीला शेण-गेरूचा हात देऊन सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, चौकात पालघट देवी बसते, आणि धवलेरी त्या चौकापुढे गाणी म्हणते. घर कुडाचे, खिडकी लहान किंवा नाहीच, बाहेर भर दुपार असली तरी आत सावली. गडद भिंतीवर पांढऱ्या बारीक रेघा. कॅमेऱ्याची याहून कठीण परीक्षा शहरातला दुकानदारही घेणार नाही.

धामणगाव हे आपल्याच तलासरी तालुक्यातले गाव. तिथे जन्मलेले आणि पुढे डहाणू तालुक्यात गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहिलेले जिव्या सोमा मशे यांनी १९७० नंतरच्या काळात हेच चित्र भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांची चित्रे जगभर जपून ठेवलेली आहेत. पण त्या चित्राचे मूळ जो लग्नाचा चौक, तो लग्नानंतर पुसट होतो आणि पुढे भिंतीबरोबर सारवला जातो. धवलेरीचे गाणे तर हवेतच विरते. ती गाणी तिने आधीच्या धवलेरीच्या मागे बसून, ऐकून ऐकून पाठ केलेली असतात. शिकायला मागे कोणी बसले नसेल, तर ती म्हातारी गेली की गाणेही गेले. लग्नाचा वाढपाचा व्हिडिओ खराब आला तर कोणाचे फारसे बिघडत नाही. हा बिघडला तर पुन्हा घेता येत नाही.

तारप्याच्या नाचाचेही तसेच. भात तयार होऊ लागले की संध्याकाळी सुरू झालेला नाच रात्री रंगतो. एखादा बल्ब नाहीतर शेकोटी, मध्ये तारपेवाला, भोवती फिरणारी माणसांची साखळी. डोळ्याला ते छान दिसते. साध्या कॅमेऱ्यात काळ्या पडद्यावर मुंग्या आल्यासारखे दिसते. म्हणून तुम्ही दुकानात जाल तेव्हा "दिवसा कसा चालतो?" हे विचारू नका. उन्हात सगळेच कॅमेरे चांगले चालतात.

वाटी आणि घमेले

चित्र चांगले का येते, हे एकदा समजले की दुकानदाराच्या बोलण्यात अडकायला होत नाही. कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे प्रकाश टिपणारी एक चपटी चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. पावसात अंगणात वाटी ठेवली तर वाटीभर पाणी जमते, घमेले ठेवले तर घमेलेभर. सेन्सरचे तसेच आहे. जेवढा मोठा, तेवढा प्रकाश अधिक जमतो. मेगापिक्सेल म्हणजे त्या भांड्यात पाडलेले खण. वाटीत शंभर खण पाडले म्हणून पाऊस जास्त जमत नाही, प्रत्येक खणात थेंब मात्र कमी येतो. अंधारात चित्रावर जी वाळू सांडल्यासारखी दिसते, ती या कमी थेंबांमुळे.

आता मापे बघा. हातात धरायच्या स्वस्त व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काहींचा सेन्सर '१/५.८ इंची' असतो. त्याची रुंदी जेमतेम तीन मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या निम्मी. बऱ्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर याच्या दुप्पट-तिप्पट रुंद असतो. 'एक इंची' म्हणून जो विकतात तो खरा इंचभर नसतोच, त्याची रुंदी १३.२ आणि उंची ८.८ मिलिमीटर. (ही इंचाची भाषा जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून आली आणि तशीच चिकटली.) तरीही त्या तीन मिलिमीटरवाल्याच्या मानाने त्याचे क्षेत्रफळ वीसपटीच्या आसपास भरते. भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत 'एपीएस-सी' नावाचा सेन्सर साधारण २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे लहानशा टपाल तिकिटाएवढा असतो, आणि 'फुल फ्रेम' ३६ गुणिले २४ चा. दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारावा, "सेन्सर केवढा?" त्याला सांगता आले नाही तर पेटीतले माहितीपत्रक काढायला लावावे.

यातून एक गंमत निघते. व्हिडिओ कॅमेरा म्हणून वेगळा विकला जाणारा स्वस्त डबा अंधारात तुमच्या खिशातल्या मोबाइलहून वाईट चित्र देऊ शकतो. आकार मोठा, झूम मोठा, पण आत वाटीसुद्धा नाही, टोपण.

दुसरी गोष्ट भिंगाची. भिंगाचे तोंड किती उघडते ते 'एफ' या आकड्याने सांगतात, आणि हा आकडा जितका लहान तितके तोंड मोठे. एफ २ मधून एफ ४ च्या चौपट प्रकाश आत येतो. झूम असलेल्या भिंगावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १.८ ते ४. म्हणजे जवळून घेताना उजेड भरपूर, झूम ओढला की उजेड घटला. रात्रीच्या नाचात लांब उभे राहून झूम ओढण्यापेक्षा पाच पावले पुढे गेलेले बरे, हे यासाठीच.

झूमचेही दोन प्रकार. भिंग आत-बाहेर सरकून होणारा तो खरा, त्याला ऑप्टिकल म्हणतात. डिजिटल झूम म्हणजे आहे तेच चित्र कापून ताणणे. पातळ ताकात आणखी पाणी घालावे तसे. पेटीवर शंभर-दोनशे पट लिहिलेले दिसले तर त्यातला ऑप्टिकल किती एवढेच बघावे.

ओळी किती, यावर भुलू नये

आता फोर-के. फुल एचडी चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. फोर-केमध्ये ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. चौपट. पण घरातल्या नेहमीच्या टीव्हीवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून बघताना, चांगल्या उजेडात घेतलेले फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक सांगायला बहुतेकांना जड जाते. अंधारात घेतलेले फोर-के मात्र कोणीही ओळखतो.

आपल्या शेजारचेच उदाहरण आहे. तलासरीच्या हद्दीपलीकडे गुजरातमध्ये उंबरगावच्या स्टुडिओत रामानंद सागरांची 'रामायण' मालिका चित्रित झाली, आणि २५ जानेवारी १९८७ पासून ती दूरदर्शनवर दिसू लागली. त्या काळच्या आपल्या दूरचित्रवाणीच्या चित्रात ६२५ ओळी असत, त्यातल्या ५७६ पडद्यावर दिसत. आजच्या साध्या मोबाइलच्या मानानेही ते थोडेच. तरी अख्खा देश समोर बसून राहिला. स्टुडिओत दिवे होते आणि कॅमेरा स्थिर होता. ओळींची उणीव उजेडाने भरून निघते, उजेडाची उणीव ओळींनी भरत नाही.

फोर-के घेऊच नये असे नाही. पुढे एखादा भाग कापून मोठा करायचा असेल, चौकातली एखादी आकृती जवळून दाखवायची असेल, तर ते उपयोगी पडते. मात्र त्याला जागा फार लागते. सेकंदाला शंभर मेगाबिट या दराने टिपले तर एका तासाला ४५ जीबी. चौसष्ट जीबीचे कार्ड दीड तासही पुरत नाही, आणि लग्न तर तीन-तीन दिवस चालते. फुल एचडी पंचवीस मेगाबिटने घेतले तर तासाला अकरा-साडेअकरा जीबीत भागते. हा मेगाबिटचा दर माहितीपत्रकात जरूर बघावा. दोन कॅमेरे फुल एचडीचेच असतील, पण एक पंचवीसने टिपतो आणि दुसरा आठने, तर दुसऱ्यात नाचणाऱ्यांचे पाय चौकोनी तुकड्यांचे दिसतील. हलणाऱ्या गोष्टींतच ही काटकसर उघडी पडते.

दुकानात करायची परीक्षा

बैल घेताना आपण त्याला चालवून बघतो, दात बघतो. इथेही तेच करावे. स्वतःचे कार्ड घेऊन जावे, म्हणजे टिपलेले घरी आणून टीव्हीवर बघता येते. कॅमेऱ्याच्या बोटभर पडद्यावर सगळेच सुंदर दिसते, त्यावर निकाल देऊ नये.

दुकानातला सर्वांत अंधारा कोपरा शोधावा, टेबलाखालचा असला तरी चालेल. तिथे काळ्या कापडावर तांदळाचे चार दाणे टाकून अर्धा मिनिट टिपावे. दुकानदार हसेल, हसू द्यावे. दाण्यांच्या कडा स्पष्ट आल्या आणि कापड काळेच राहिले, तर कॅमेरा आपल्या चौकाच्या भिंतीपुढे उभा राहील. कापड करडे होऊन त्यावर वळवळ दिसली, किंवा दाणे फुगून पांढरे गोळे झाले, तर जरा थांबावे. यातली दुसरी खोट कधी कधी कॅमेऱ्याची नसून त्याच्या आपोआप उजेड ठरवण्याच्या सवयीची असते. समोर काळे फार दिसले की त्याला वाटते अंधार आहे, मग तो उजेड वाढवतो आणि पांढरे जळते. म्हणून हा उजेड हाताने कमी-जास्त करण्याची सोय आहे का, ते बघावे. बहुतेक मोबाइलवर पडद्याला बोट लावून ते बोट वर-खाली ओढले की हे जमते. ज्यात हे करताच येत नाही, असा वेगळा कॅमेरा मी तरी घ्यायला सांगणार नाही.

मग कॅमेरा हातात धरून दहा पावले चालावे. चित्र होडीत बसल्यासारखे डोलते का? हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी रचना भिंगातच असेल तर उत्तम. ती नुसती गणिताने केलेली असेल तर चित्राच्या कडा थोड्या कापल्या जातात आणि कमी उजेडात ती चाचपडते. दाराच्या चौकटीवरून कॅमेरा झटकन फिरवून बघावा. चौकट तिरकी होत असेल, तर हे यंत्र वेगवान नाचाला जड जाईल.

आणखी एक. दुकानातल्या एलईडी दिव्याखाली टिपताना चित्रात काळे पट्टे सरकताना दिसले, तर घाबरून कॅमेरा नाकारू नये. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची आहे. कॅमेऱ्यात सेकंदाला २५ किंवा ५० चित्रे आणि शटर १/५० वा १/१०० ठेवले की पट्टे बहुधा जातात. ही निवड करता येते का, एवढे विचारावे.

चेहऱ्याच्या रंगाविषयी मुद्दाम सांगतो. आजकालच्या पुष्कळ मोबाइलमध्ये चेहरा गोरा आणि गुळगुळीत करण्याची करामत आधीपासून चालूच असते. ती बंद करावी. उन्हातान्हात राबलेल्या आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसून तिला पावडर लावल्यासारखी दाखवली, तर नातवंडे पुढे बघतील ती कोण? सावळ्या चेहऱ्यामागे उजेडाचे आकाश आले की चेहरा काळा ठिक्कर होतो. तेव्हा माणसाला सावलीत, भिंतीकडे पाठ करून बसवावे आणि उजेड त्याच्या तोंडावर दाराकडून येऊ द्यावा. त्याला पैसा पडत नाही, आणि त्याने जेवढे चित्र सुधारते तेवढे दहा हजार जास्त मोजूनही सुधारत नाही.

मग मोबाइल की कॅमेरा?

माझे स्पष्ट मत सांगतो. ज्या घरात बरा मोबाइल आहे आणि वर्षाला एखाददुसरे लग्न टिपायचे आहे, त्या घराने वेगळा कॅमेरा घेऊ नये. त्याऐवजी एक भक्कम तिपाई, मोबाइल धरायचा चिमटा, एक बाहेरचा माइक आणि एक बॅटरीवरचा एलईडी दिवा घ्यावा. दिवा थेट तोंडावर न मारता पांढऱ्या कापडावर किंवा छतावर मारला की उजेड मऊ पडतो.

हातात धरायचे खास व्हिडिओ कॅमेरे आता बाजारात मोजकेच उरले आहेत. त्यांचा एक गुण खरा. मोठा ऑप्टिकल झूम आणि तासन् तास न तापता चालणे. शाळेचे संमेलन, ग्रामसभा, दिवसाचे खेळ यांना ते चांगले. रात्रीच्या तारप्याला घ्यायचा असेल तर निदान एक इंची सेन्सरचा बघावा, आणि तो महाग पडतो. त्या पैशात भिंग बदलता येणारा एपीएस-सी कॅमेरा येत असेल, तर माझा कौल त्याला. सोबत एफ १.८ चे एक साधे, झूम नसलेले भिंग मिळाले तर अंधारात तो डोळ्यासारखा बघतो. मात्र तो सलग किती वेळ टिपतो आणि तापून बंद पडतो का, हे आधी विचारावे.

एवढा खर्च एका घराने करण्यापेक्षा बचत गटाने, तरुण मंडळाने किंवा तारपा पथकाने मिळून करावा. फवारणी पंप वापरतो तशी पाळी लावावी, वहीत नोंद ठेवावी, आणि बॅटरी भरून परत देण्याचा नियम करावा. सामाईक वस्तूचे नुकसान कुठे होते हे आपल्याला अवजारांवरून चांगले ठाऊक आहे.

जुना, फितीवर चालणारा हँडीकॅम कोणी स्वस्तात देऊ केला तर नको म्हणावे. फीत मिळत नाही, आणि तिच्यावरचे संगणकात उतरवायला लागणारी जोडणीही नव्या संगणकांत नसते. बिलाशिवाय मिळणाऱ्या मालाचेही तेच. हमीपत्र नाही तर दुरुस्तीला दार नाही.

आवाजाकडे दुर्लक्ष नको

विषय चित्राचा आहे, पण धवलेरीचे गाणे जपायचे तर कान आधी. चित्र थोडे अंधुक असले तरी माणूस बघतो, शब्द कळले नाहीत तर उठून जातो. कॅमेऱ्याला बाहेरचा माइक जोडायचे छिद्र आहे का ते बघावे. माइक गाणारीपासून हातभर अंतरावर असावा. उघड्यावर असाल तर त्याला फोमची किंवा केसाळ टोपी घालावी, नाहीतर वाऱ्याचा घोंघाट तेवढा टिपला जातो. तारप्याचा सूर जाड आणि अखंड असतो. कॅमेरा आपोआप आवाज वर-खाली करत राहिला तर तो सूर दमेकऱ्यासारखा येतो, म्हणून आवाजाची पातळी हाताने ठरवता आली तर ठरवून तशीच ठेवावी. डीजेच्या भिंतीशेजारी कोणताच माइक कामाचा नाही. धवलेरी गात असेल तेवढा वेळ डीजे बंद ठेवायला सांगणे, हा त्यावरचा इलाज घरमालकाच्या हातात आहे.

शेतावरचा उपयोग

वर्षाचे बाकीचे दिवस कॅमेरा पेटीत का ठेवावा? चिकूच्या बागेत बी पोखरणारी अळी, कळी खाणारी अळी, पानावरचे ठिपके, फळगळ, हे सारे नुसते फोनवर बोलून सांगता येत नाही. "साहेब, पान करपलंय" एवढ्यावर औषध सांगणे म्हणजे नाडी न बघता गोळी देणे. कृषी खात्याला किंवा कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राला दाखवायचा व्हिडिओ असा घ्यावा: आधी पूर्ण झाड, मग फांदी, मग पान, वरून आणि खालूनही, आणि शेवटी फळ कापून आतले. प्रत्येक ठिकाणी दहा सेकंद हात स्थिर. शेजारी काडेपेटीची काडी ठेवावी, म्हणजे माप कळते. कॅमेरा किती जवळून स्पष्ट बघतो, हे यासाठी दुकानातच तपासावे. फार जवळ नेले की चित्र पुसट होते, तेव्हा जरा मागे येऊन झूम करावे.

नुकसानीच्या वेळी पंचनामा पंचनाम्याच्या जागी, व्हिडिओ त्याला जोड. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने आपल्याकडच्या चिकूच्या बागा झोडपल्या. अशा वेळी पडलेली झाडे उचलण्याआधी टिपावे. आधी बांध, विहीर, रस्ता अशी ओळखीची खूण दिसेल असे लांबून, मग झाडे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसू लागले तेव्हा भिंतीची तड नवी की जुनी, हा प्रश्न आलाच. घर धड असतानाच चारही भिंतींचा एक व्हिडिओ घेऊन ठेवला, तर तो प्रश्न सुटतो. आणि मूळ व्हिडिओ पुसू नये. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली प्रत दाबून लहान केलेली असते, तिच्यातला बारकावा जातो.

फावल्या वेळचा एक उद्योग सुचवतो. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणला, आणि 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो हे थोडे थोडे टिपून एक छोटी फिल्म केली. तिचे नाव 'अंकुराची वाढ'. भारतीय चित्रपटाच्या जनकाचा पहिला नट वाटाणा होता, हे आपण शेतकऱ्यांनी अभिमानाने सांगायला हरकत नाही. आता मोबाइलमध्ये 'टाइम लॅप्स' नावाची सोय असते. राबाच्या कडेला तिपाई रोवून मुलांना हा खेळ करू द्यावा.

पावसाळा आणि बुरशी

आपल्या हवेत कॅमेऱ्याचा खरा शत्रू बुरशी. जून ते सप्टेंबर कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कपाटात पडून राहिला, की भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात. ते एकदा काचेला लागले की साफ होऊनही डाग राहू शकतो. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात कॅमेरा ठेवावा. पुडीचे दाणे रंग बदलणारे घ्यावेत, म्हणजे ओल धरली ते कळते, मग मंद आचेवर तापवून पुन्हा वापरावेत. तांदळात ठेवू नये, त्याची भुकटी भिंगात आणि फटींत जाते. दर पंधरवड्याने बाहेर काढून अर्धा तास चालवावा. झाई-बोर्डीच्या किनाऱ्यावर टिपून आल्यावर खारा वारा लागलेला असतो, तेव्हा किंचित ओलसर मऊ कापडाने अंग पुसावे. भिंगाला सदऱ्याचे टोक लावू नये.

ज्यांच्या पेटीत जुन्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेट आहेत, त्यांनी नव्या कॅमेऱ्याआधी तिकडे बघावे. त्या फितींनाही बुरशी लागते, आणि त्या चालवणारी यंत्रे आता नवी बनत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली ती बनवणे थांबवले, ती शेवटची कंपनी होती. कॅसेट संगणकात उतरवून देणारी दुकाने मोठ्या शहरांत अजून आहेत. बुरशी लागलेली फीत घरी चालवून बघू नये, तुटते.

उतरवलेले आणि नवे टिपलेले, दोन्ही एकाच कार्डावर ठेवून निर्धास्त राहू नये. एक प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी नातेवाइकाकडे वेगळ्या घरात. फोर-के टिपायचे तर कार्डावर 'व्ही ३०' असे छापलेले घ्यावे. बाजारात खोटी कार्डे पुष्कळ आहेत. घेतल्यावर एकदा पूर्ण भरून, परत वाचून बघावे.

टिपण्याआधी विचारावे

धवलेरीला आणि घरच्यांना आधी विचारावे. देवाच्या काही गोष्टी टिपलेल्या कोणाला चालत नाहीत, मग कॅमेरा खाली ठेवावा. टिपायला होकार मिळाला म्हणजे ते मोबाइलवर गावभर फिरवायलाही होकार मिळाला, असे समजू नये. तिची एक प्रत तिच्या घरी द्यावी.

होकार मिळाला तर लग्नाच्या गडबडीत न घेता, आधी एखाद्या दुपारी तिच्या ओटीवर बसून घ्यावे. उजेड दारातून येईल, डीजे नसेल, तीही दमलेली नसेल. गाणे सुरू होण्याआधी तिच्याच तोंडून नाव, पाडा, गाणे कोणाकडून शिकली आणि ते लग्नात कधी म्हणतात, एवढे वदवून घ्यावे. अडलेल्या शब्दाचा अर्थ तिथल्या तिथे विचारावा. घरी आल्यावर फाइलला तारीख आणि गावाचे नाव द्यावे, आणि तेच वहीतही लिहावे. कॅमेरा फाइलला नुसता आकडा देतो, आणि दहा वर्षांनी त्या आकड्यावरून आजी कोणती आणि गाणे कोणते, हे घरातल्या कोणालाच सांगता येत नाही.